आमची मशीनं लई लक्षात ठेवायची!

“पोरगी काउंटरला बसवायला झ्याक हाय. बघंल सगळं, पण तोंडातनं एक शब्द काढायची न्हाय!”

हे माझ्या सासूबाईंचं माझ्याबद्दलचं मत. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या गॅलरीतून शेजारच्या दवाखान्यातल्या काकूंशी बोलत होत्या आणि मी खाली दुकानात गेलेय असं दोघींनी धरलं होतं. मी होते जिन्याच्या वळणावर. एका हातात चहाचा थर्मास, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या. लग्नाला अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

राग यायला हवा होता. पण खरं सांगू? उडीच मारावीशी वाटली! दुकान म्हणजे आमचा इंटरनेट कॅफे. कोल्हापुरात राजारामपुरीत, घराच्या तळमजल्यावर. साल २००३ च्या आसपासचं. मी नेसरीची. गडहिंग्लजला कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हा तिघींत मिळून एक मशीन, त्यातही माउस धरायचा मान एकीलाच. आणि इथं सहा मशीनं, सहाच्या सहा चालू, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी!

एकच गोष्ट छातीवर बसली होती. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवतानाच निकाल देऊन टाकला.

“दिवाळीपतोर बघायचं. कॅफे चालला तर चालला. न्हायतर गाळा भाड्यानं द्यायचा. प्रवीण पुण्याला जाईल, सूनबाई हितं आमच्याजवळ ऱ्हाईल.”

मला कुणी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही. नवरा पुण्यात, मी वरच्या मजल्यावर, आणि खाली दुसऱ्याच कुणाचं तरी दुकान! म्हणजे काय, तर कॅफे चालायलाच हवा होता.

आता किस्से म्हणाल, तर ते काही ठरवून जमवावे लागत नाहीत. सीपीयूचं झाकण उघडलं की आत धुळीची गादीच्या गादी निघते ना, तसे ते साचतात. कुणी मुद्दाम घातलेली नसते, रोज माणसं येऊन गेली म्हणून असते. आमचे निम्मे किस्से तर एकाच कारणानं झाले. आमची मशीनं माणसं लक्षात ठेवायची, आणि माणसं मशीनवरून उठताना हेच विसरायची!

*

सुरुवात सलीमभाईंनी केली. सलीमभाई मंडपवाले. त्यांचा मुलगा अस्लम दुबईला. दर शुक्रवारी दुपारी सलीमभाई त्याचं मेल वाचायला यायचे. एरवी मीच त्यांचं खातं उघडून द्यायची, पण त्या दिवशी मी वर जेवत होते आणि काउंटरवर मामा होते. सलीमभाई तीन नंबरला बसले आणि म्हणाले, “मामा, उघडून द्या की.”

मामांनी वाकून पाहिलं. “आवो, उघडलेलंच हाय! वाचा की.”

उघडलेलं होतं खरं, पण सलीमभाईंचं नव्हे. त्यांच्या आधी बसलेली कॉलेजची मुलगी साइन आउट न करता उठली होती. सलीमभाईंनी इंग्रजी अक्षरांतलं मराठी एकेक करत लावलं. “मन लागत नाही. जेवण जात नाही. सारखी तुझी आठवण येते.” आणि खाली नुसतं ‘ए’.

अस्लमचं ‘ए’! सलीमभाईंचे डोळे भरून आले. त्यांनी एका बोटानं, अर्धा तास खपून, उत्तर लिहिलं. “जेवण वेळेवर कर. रडत बसू नको. आईला फोन कर, ती वाट बघते. तुझ्या लग्नाचं आम्ही बघतोय, तू घाई करू नको.”

आणि दिलं पाठवून! मी जेवून खाली आले तेव्हा सलीमभाई निघून गेले होते आणि पडद्यावर खातं होतं त्या मुलीचं.

दोन-तीन दिवसांनी ती मुलगी आली. मामा उठून उभेच राहिले. मी काउंटरखाली काहीतरी शोधायला लागले. आता भांडण होणार, दुकानासमोर माणसं जमणार! पण मुलीच्या हातात पेढ्यांचा पुडा.

“माझं मेल वाचून उत्तर देणारे ते कोण आहेत, त्यांना द्या. ज्याचं मेल होतं त्यानं घाबरून त्याच संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. आई म्हणाली, इतकी समजूतदार पोरगी तुला सापडली कुठं?”

शुक्रवारी मी पुडा सलीमभाईंपुढं ठेवला आणि प्रकार सांगितला. त्यांनी पेढा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला, आणि म्हणाले, “चांगलं झालं की! आमच्या अस्लमनं मातर अजून फोन केलेला न्हाय.”

*

त्या संध्याकाळी मामांनी ह्यांना समोर बसवलं. मामा एसटीत कंट्रोलर होते, सगळी नोकरी स्टँडवर गेलेली. काउंटरमागं बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्याखाली मामांची खुर्ची. त्या खुर्चीतून मामांनी चौकशी सुरू केली. “एकाची डाक दुसऱ्याला गेलीच कशी?”

“अप्पा, त्याला कुकी म्हणतात,” हे म्हणाले. “आपण नाव-पासवर्ड टाकून एखाद्या वेबसाइटवर गेलो की ती साइट आपल्या मशीनमध्ये एक बारकी चिठ्ठी ठेवून देते. चिठ्ठीवर नंबर. पुढचं पान मागितलं की मशीन ती चिठ्ठी दाखवतं. नंबर बघून साइट म्हणते, हां, हे मघाचंच गिऱ्हाईक! परत पासवर्ड विचारत नाही. साइन आउट केलं की चिठ्ठी रद्द. नुसती खिडकी बंद करून उठलं, तर पुष्कळदा तशीच राहते.”

मामांनी डोळे मिटून ऐकलं. “म्हंजे पास.”

“हां, पासच!”

“कुणाच्या नावावर? माणसाच्या का मशीनच्या?”

“मशीनच्याच म्हणा.”

“पासावर फोटो?”

“फोटो नसतो, अप्पा.”

“मग माणूस उतरून गेला आन त्याच सीटवर दुसराच गडी येऊन बसला तर?”

“त्यालाही जुनाच समजतात.”

मामा खुर्चीतून उठले. “आरं, मग कंडक्टर येडा हाय की तुमचा!”

नंतर मी कुकीबद्दल बरंच काही वाचलं. याच्याहून सोपं कुणी सांगितलेलं नाही!

*

दुसऱ्या दिवसापासून मामांनी कारभार हातात घेतला. गिऱ्हाईक जरा हललं की मामांचा स्टँडवरचा आवाज लागायचा.

“पाच नंबर! पाच नंबरचे पावणं उतरत्यात! साइन आउट झालं का? मागं काय ऱ्हायलंय का बघा!”

माणसं दचकायची. एक कॉलेजकुमार तर नुसता आळस द्यायला उठला होता, तो घाबरून साइन आउट करून, पैसे देऊन, बाहेर जाऊन उभा राहिला. मग आठवलं की आपलं काम अजून व्हायचंच आहे!

राजारामपुरीतले एक निवृत्त सर मात्र जागचे हलेनात. मामा तीनदा ओरडले. शेवटी मीच जवळ जाऊन पाहिलं. सरांनी साइन आउट केलं होतं. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली होती, धन्यवाद, पुन्हा लवकर या. सर ती वाचून परत आत शिरत होते, परत बाहेर पडत होते, परत तीच ओळ.

“अहो, ते इतक्या अगत्यानं बोलावतंय,” सर मला हळूच म्हणाले, “तसंच उठून जाणं बरं दिसत नाही.”

*

हे म्हणाले, माणसांच्या भरवशावर राहायला नको, रोज सकाळी सगळ्या मशीनवरच्या कुक्या आणि साठवलेले पासवर्ड आपणच पुसून टाकू. एका सोमवारी त्यांनी तसं केलं. सहाही मशीनं कोरी. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. कॅफे वाचला असं वाटलं!

अकराच्या सुमारास राधानगरीचे अण्णा आले. अण्णांच्या घरी दुधाचा धंदा, पण अंगात बुद्धिबळ. नाशिकच्या एका मास्तरांशी ते ईमेलवरून डाव खेळायचे. आठवड्याला एक चाल! त्या एका चालीसाठी एसटीनं कोल्हापूरला यायचे, आणि बसायचे फक्त दोन नंबरच्या मशीनवर. दोन नंबर रिकामं नसलं, तर तासभर बाकावर बसतील पण दुसऱ्या मशीनला हात लावणार नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना ते मशीन लाभतं.

अण्णा बसले आणि दोन मिनिटांत ओरडले. “आवो, हे मला वळखंना झालंय!”

पडद्यावर नाव आणि पासवर्डाच्या रिकाम्या चौकटी.

“पासवर्ड टाका की अण्णा,” हे म्हणाले.

“मला काय म्हाईत पासवर्ड? त्यो ह्या मशीनला म्हाईत हुता!”

तेव्हा उलगडलं. पहिल्या दिवशी खातं काढताना एकदा टाकलेला पासवर्ड दोन नंबरनं धरून ठेवला होता. अण्णांनी लगेच तो मनातून काढून टाकला होता. दोघांनी कशाला लक्षात ठेवायचा!

“माझा वजीर अडकलाय तितं!” अण्णांनी पडद्यावर बोट आपटलं. “आज चाल न्हाय गेली तर डाव मास्तरचा!”

पासवर्ड विसरल्यावर साइट एक गुप्त प्रश्न विचारते. अण्णांचा प्रश्न निघाला, तुमच्या लाडक्या प्राण्याचं नाव काय? अण्णांनी म्हशीचं नाव टाकलं. चूक. बैलाचं टाकलं. चूक. आता सगळा कॅफे आपापलं मेल सोडून दोन नंबरभोवती. हे म्हणाले, “अण्णा, आणखी एकदा चुकलं तर खातं बंद होईल.”

अण्णांनी आमच्याच फोनवरून घरी फोन लावला. “आगं, हे खातं काढलं तवा गोठ्यात कोण हुतं?”

तिकडून काकूंचा आवाज इतका खणखणीत, की सहा नंबरपर्यंत ऐकू आला. “कसलं खातं? चंद्री हुती की! पर ती इकली न्हवं का? आता कशाला आठवण काढतायसा?”

ह्यांनी ‘चंद्री’ टाकलं. उघडलं! टाळ्या पडल्या, एकानं तर शिट्टी वाजवली. अण्णांनी वजिराची चाल पाठवली आणि डोळे पुसत म्हणाले, “लई गुणाची म्हस हुती.”

*

आता आत्यांचं. आत्या एरवी दुकानात यायच्या नाहीत, पण दवाखान्यातल्या काकूंकडून त्यांनी लग्न जुळवण्याच्या वेबसाइटचं ऐकलं होतं. एका दुपारी खाली आल्या, एक नंबरच्या खुर्चीत पदर आवरून बसल्या आणि ह्यांना म्हणाल्या, “ते दाखीव की, पोरीबिरी बघायचं.”

ह्यांनी हौसेनं पत्ता टाकला. साइट उघडली आणि पडद्यावर एकीखाली एक मुलींचे फोटो! वर ठळक अक्षरांत इंग्रजी ओळ.

“हे काय लिवलंय?” आत्यांनी विचारलं.

ह्यांचा स्वभाव सरळ. जे लिहिलंय ते वाचलं. “वेलकम बॅक.”

“म्हंजे?”

“परत आलात, स्वागत आहे, असं.”

“परत?” आत्या सावकाश वळल्या. “म्हंजे तू आदी येऊन गेलायस!”

“आई, ती कुकी आहे—”

“कोण हाय ती?”

हे घामाघूम. चिठ्ठी काय, नंबर काय, पास काय, सगळं सांगून झालं. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक होतं की सकाळी त्याच मशीनवर काकू बसल्या होत्या. भाच्यासाठी स्थळ बघत होत्या आणि ‘ठरेपर्यंत कुणाला सांगू नको’ म्हणून मला शपथ घालून गेल्या होत्या. मी खाली मान घातली. आत्यांनी त्याचा अर्थ दुःख असा घेतला.

“बग, पोरगी एक शब्द बोलत न्हाय. आन तू हितं बसून नव्या पोरी बगतोस!”

त्या रविवारी मटण होतं. नळी माझ्या ताटात. ह्यांच्या वाट्याला नुसता पांढरा रस्सा, तोही वाटीच्या तळाला. पुढच्या रविवारी तेच. ताटावर बसलं की हे माझ्याकडे असे बघायचे, की वाटावं, आता शपथ मोडावी. पण शपथ ती शपथ! काकूंच्या भाच्याचं लग्न ठरल्यावर सगळा उलगडा झाला.

तोवर मी नळ्या बऱ्याच खाल्ल्या.

*

हे सगळं ऐकून आधी लोक गमतीनं यायचे. “ती लक्षात ठेवणारी मशीनं हीच का?” पण राजारामपुरीत एक गोष्ट चार गल्ल्या फिरली की तिचं रूप बदलतं. समोर नवीन कॅफे निघाला, एसीचा. आणि कुजबुज सुरू झाली, त्या जुन्या कॅफेत जाऊ नका, तिथं तुम्ही काय केलं ते मशीन दुसऱ्याला दाखवतं.

गल्लीच्या टोकाला मुलींचं हॉस्टेल होतं. आमचं खरं गिऱ्हाईक त्याच मुली. रविवारी सहाही मशीनं त्यांचीच असायची. त्या यायच्या बंद झाल्या. दिवाळी जवळ आली. ह्यांना पुण्याला होय-नाही कळवायचं होतं. मामांनी गाळा बघायला एका फरसाणवाल्याला बोलावलं.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. फरसाणवाला टेप घेऊन आला, इकडून तिकडून मोजलं, आणि माझ्या काउंटरवर बोट ठेवून म्हणाला, “हितं कढई बसंल.” मग तो तीन नंबरच्या खुर्चीत बसला. दोन नंबरला मामा, एक नंबरला आत्या, पाच नंबरला हे. भाडं किती, पुण्याला कधी, सामान काय न्यायचं, सगळे एकदम बोलत होते. मी काउंटरवर. कढईच्या जागेवर.

गिऱ्हाईक एकच होतं. हॉस्टेलची एक मुलगी, भीत भीत आलेली, चार नंबरला. बराच वेळ मन लावून काहीतरी भरत होती. दारात जीप थांबल्याचा आवाज आला, तिनं मान वर करून पाहिलं. पटकन खिडकी बंद केली आणि आमच्या जिन्याच्या दारानं मागच्या मागं पळाली.

साइन आउट राहिलं.

जीपमधून उतरलेले गृहस्थ थेट आत आले. पांढरा सदरा, हातात गाडीची किल्ली.

“या पावणं, बसा,” मामा म्हणाले.

“बसाया न्हाय आलो. माझी पोरगी हितं येती. तुमची मशीनं समदं याद ठेवत्यात म्हणं. ती काय करती ते उघडून दाखवा. आत्ता!”

मामांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चार नंबरकडे पाहिलं. वेलकम बॅक मोठ्यानं वाचणारा माणूस तो!

“म्हणजे, तसं बघितलं तर—” ह्यांनी सुरुवात केली.

दारात, पायरीवर, जीपमागून धावत आलेल्या हॉस्टेलच्या मुली उभ्या होत्या. पाच-सहा जणी. आत यायचं धाडस नाही, परत जायला पाय निघत नाही. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, फक्त चार नंबरच्या पडद्याकडे.

ती मुलगी काय भरत होती ते मला दिसलं होतं. ते मी इथंही लिहिणार नाही.

मी उठले. चार नंबरला गेले. ती कुठल्या साइटवर होती ते ठाऊक होतं. उघडली. पडद्यावर तिचं नाव, स्वागत असो! आधी साइन आउट. मग टूल्स, इंटरनेट ऑप्शन्स, डिलीट कुकीज. मशीननं विचारलं, नक्की पुसायच्या ना? ओके. तोवर पडदा माझ्या अंगाआड झाकलेला होता. परत तीच साइट उघडली, दोन्ही हातांनी तो जड मॉनिटर धरला आणि गृहस्थांकडे फिरवला. नावाची चौकट रिकामी. पासवर्डाची चौकट रिकामी.

“पावणं,” मी म्हणाले, आणि नेसरीचा आवाज घशातून असा निघाला की मीच दचकले, “पोरगी तुमची हाय. काय इचारायचं ते तिला इचारा की! मशीनला कशाला इचारताय?”

गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मामांकडे वळून म्हणाले, “ही कोण?”

मामा दोन नंबरच्या खुर्चीतून उठले. पायरीवरच्या मुलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मालकीण,” मामा म्हणाले. “दुकान तिचं हाय.”

गृहस्थांनी रिकाम्या चौकटींकडे पाहिलं. मग किल्ली खिशात घालून बाहेर गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. पायरीवरच्या मुलींपैकी पहिली आत आली. मग दुसरी. मग सगळ्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मामा परत दोन नंबरला बसले.

फरसाणवाल्यानं टेप गुंडाळत विचारलं, “मग कढईचं काय ठरलं?”

आत्या म्हणाल्या, “आगं, तू बोलतीस की!”

हे म्हणाले, “सुजाता, पुण्याला मी काय कळवू?”

आणि सगळे माझ्याकडे बघत बसले. चौघंही, चार मशीनांसमोर, चार खुर्च्या अडवून.

“आदी उठा सगळी खुर्च्यांवरनं!” मी म्हणाले. “गिऱ्हाईक उभं हाय.”